लगाम आपल्या हाती हवा

चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट खानदेशातल्या आपल्या घराघरांत सांगितली जाते. आज आरोग्याच्या पानावर ती पुन्हा सांगतो, कारण आम्हाला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ तिच्यात आहे.

साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने समिती नेमली होती. तिचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याकडे आले होते. परतताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातल्या मंडळींनी मुक्कामाचा आग्रह धरला. टांगा यायला तासभर लागला. आला तो निघताच मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या मोरीवर चाक दगडाला अडले. बाबासाहेब उडून फरशीवर पडले, घोडा टांग्यासकट नदीत गेला. त्यांची शुद्ध हरपली. महारवाड्यातले लोक धावत आले आणि रडत-ओरडत त्यांना उचलून घेऊन गेले. पाय मोडला होता.

कारण मागाहून कळले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. शेवटी तोडगा निघाला : टांगा भाड्याने न्या, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. म्हणून आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याने त्यापूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. हा सारा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे.

त्या हाकणाऱ्या बांधवाचा काय दोष? बाबासाहेबांनी पायी चालत वस्तीवर यावे, हे त्याला बघवत नव्हते. जीव ओवाळून टाकायची त्याची तयारी होती. पण ज्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या कोणी लगाम येऊ दिला नाही, त्याने तो एका संध्याकाळी कसा पेलावा? माया पुष्कळ होती. शिकायची संधी नव्हती. त्या गोष्टीतून जातिव्यवस्थेचा धडा आपण घेतला. दुसराही एक धडा तिच्यात आहे. ऐन वेळी माणूस वाचवायचा असेल, तर नुसती माया पुरत नाही, हात शिकलेले लागतात.

मोबाईल सगळ्यांच्या हातात होते

आता आमच्या वस्तीतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीतले एक काका चालता चालता कोसळले. खानदेशातला एप्रिल, दुपारी चारचे ऊन. बघता बघता पन्नास माणसे जमली. कोणी तोंडात पाणी ओतले, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी गालावर चापट्या मारल्या. एक जण म्हणाला उठवून बसवा, दुसरा म्हणाला झोपवा. रिक्षा आणायला पोरे धावली. आम्हीही तिथेच होतो आणि आम्हालाही काही सुचले नाही. श्वास चालू आहे का, हे कोणी पाहिले नाही. छातीवर हात ठेवून दाब देणारा एकही जण पुढे झाला नाही. दवाखान्यात पोहोचेपर्यंत काका गेले होते.

ते वाचले असतेच, असे आम्ही म्हणत नाही. तो निर्णय डॉक्टरांचा. पण एक गोष्ट आम्हाला आजही बोचते. त्या गर्दीत पाच-सहा जण मोबाईलवर चित्रीकरण करत होते. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, हे दाखवणारे धडे त्याच मोबाईलमध्ये होते, एक रुपया न देता मिळणारे. साधन हातात होते, विद्या त्या साधनात होती, आणि आपण तिचा उपयोग फक्त मरण टिपण्यासाठी केला.

हृदय बंद पडले की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. एवढ्या वेळात जळगाव-धुळ्याच्याच काय, मुंबईच्या वस्तीतही रुग्णवाहिका पोहोचणे अवघड. म्हणून ती पहिली मिनिटे शेजाऱ्याची असतात. शेजारी शिकलेला असेल तर त्या मिनिटांचे सोने होते, नाहीतर ती वाया जातात.

मोफत काय मिळते आणि कोणासाठी

आपत्कालीन उपचार आणि अतिदक्षता हा विषय आपल्या देशात तसा नवा. भारतात त्याला वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये. शिकवणारे थोडे, पुस्तके हजारो रुपयांची. अशा वेळी जगभरातल्या काही डॉक्टरांनी चांगली वाट पाडली. आपल्याला जे येते ते इंटरनेटवर मोफत ठेवायचे, कोणीही वाचावे, चूक दिसली तर दाखवावी. २०१२ मध्ये डब्लिन शहरात आपत्कालीन वैद्यकाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. त्या वेळी माइक कॅडोगन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टराने या चळवळीला 'फोम' हे नाव दिले. मुक्त आणि मोफत वैद्यकीय शिक्षण, असा त्याचा अर्थ.

आज 'लाइफ इन द फास्ट लेन' या संकेतस्थळावर हृदयाच्या आलेखांचा, म्हणजे ईसीजीचा, मोठा संग्रह कोणालाही उघडता येतो. अमेरिकेतल्या बोस्टनच्या बालरुग्णालयाने गंभीर आजारी मुलांच्या उपचारांचे धडे 'ओपन पेडियाट्रिक्स' नावाने खुले केले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीबरोबर तयार केलेले प्राथमिक आपत्कालीन उपचारांचे पुस्तक २०१८ पासून मोफत उतरवून घेता येते. मोठी यंत्रे नसलेल्या छोट्या दवाखान्यात अपघाताचा, धाप लागलेला किंवा बेशुद्ध रुग्ण आला तर काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने, हे त्यात शिकवले आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठीच लिहिल्यासारखे ते पुस्तक आहे.

कोरोनाच्या पहिल्या लाटेत या वाटेचे महत्त्व कळले. २०२० च्या उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्यातले मृत्यूचे प्रमाण देशभर चर्चेत होते, ते दिवस आपण विसरलेलो नाही. ज्यांनी कधी व्हेंटिलेटरला हात लावला नव्हता, अशा डॉक्टर-परिचारिकांना रातोरात अतिदक्षता विभागात उभे राहावे लागले. त्या काळात केंद्र सरकारने 'दीक्षा' या मंचावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन धडे सुरू केले आणि हार्वर्डसारख्या विद्यापीठानेही कृत्रिम श्वसनाचा अभ्यासक्रम मोफत खुला केला.

आपल्या वस्त्यांतल्या बऱ्याच मुली नर्सिंगला जातात. काही मुले आयुर्वेदाची पदवी घेऊन १०८ च्या गाडीवर नोकरी करतात, काही दवाखान्यात वॉर्डबॉय आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे : रोज अर्धा तास या धड्यांना द्या. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातल्या विद्यार्थ्याला जे मिळते, ते आता भुसावळच्या खोलीत बसून मिळते. ही संधी तुमच्या आजोबांना नव्हती. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काही ठिकाणी धडा मोफत असतो, पण प्रमाणपत्राला पैसे मागतात. धडा घ्या, कागदाच्या मागे लागू नका. दुसरे, मोबाईलवर शिकून कोणी डॉक्टर होत नाही. वस्तीत इंजेक्शने टोचत फिरायचा परवाना हे धडे देत नाहीत.

महाडचा विंचू

कोणी म्हणेल, हे सारे परदेशी लोकांचे ज्ञान, आपले त्यात काय? त्यांनी डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे काम पाहावे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा १९७६ च्या सुमारास महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले डोळ्यांदेखत मरत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली, विष हृदयावर कसा घाला घालते ते ओळखले आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात लिहिले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ज्या महाडात बाबासाहेबांनी १९२७ मध्ये सर्वांसाठी पाणी खुले केले, त्याच तालुक्यातल्या एका सरकारी केंद्रातून जगाला जीव वाचवण्याची विद्या मिळाली. ज्ञान मोठ्या शहरांतच तयार होते, हा समज सोडून द्या.

नवे भगत

आता दुसरी बाजू. मोफत मिळते ते सारेच खरे नसते. धम्मदीक्षेनंतर आपण भगत-मांत्रिकाचा उंबरा सोडला, निदान सोडायला हवा होता. पण मोबाईलमधून नवे भगत घरात शिरले आहेत. 'झटका आला तर जोरजोराने खोकत राहा, दवाखान्याची गरज नाही.' 'अर्धांगवायू झाला तर बोटांना सुई टोचून रक्त काढा.' 'साप चावला तर चिरा देऊन विष चोखा.' असे निरोप आपल्याच गटांत फिरतात, आणि खाली 'जयभीम' लिहिलेले असते म्हणून आपण ते पुढे पाठवतो.

यातला प्रत्येक निरोप घातक आहे. अर्धांगवायूत तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, बोबडी वळते. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. सुई शोधण्यात गेलेला वेळ त्या साडेचार तासांतून वजा होतो. सापाच्या दंशावर चिरा दिला तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढतो. दोरी करकचून आवळली तर पाय काढायची वेळ येते. फीट आलेल्याच्या नाकाशी चप्पल धरणे, दातांत चमचा घालणे, भाजल्यावर टूथपेस्ट लावणे, हे सारे त्याच माळेचे मणी. फीट आली तर माणसाला कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका. भाजले तर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी, मग स्वच्छ फडके. यापेक्षा अवघड काही नाही.

खरे-खोटे ओळखायचे कसे? तथागतांनी कालामांना सांगितलेली कसोटी आपल्याजवळ आहे. कोणी सांगितले, परंपरेने चालत आले, एवढ्यावरून काही मानू नये. ती कसोटी मोबाईलला लावा. सांगणारा कोण आहे, डॉक्टर, सरकारी संस्था की बिननावाचा माणूस? केव्हा सांगितले आहे? हेच दुसऱ्या विश्वासू ठिकाणी आढळते का? आणि सांगता सांगता तो काही विकतो आहे का? या चार प्रश्नांवर न टिकणारा निरोप पुढे पाठवू नका, मग तो समाजाच्या पुढाऱ्याने पाठवलेला असला तरी.

पाहून हात शिकत नाहीत

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सद्धम्माची ओळख सांगितली आहे. सद्धम्म विद्या सर्वांना खुली करतो. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. नुसती विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी, आणि प्रज्ञेला शील, करुणा, मैत्रीची जोड हवी, हेही ते सांगतात. आमच्या विषयाला हे तंतोतंत लागू आहे. विद्या खुली झाली. खरे-खोटे निवडणे ही प्रज्ञा. आणि पडलेल्या माणसाजवळ गुडघे टेकून बसणे ही करुणा.

गुडघे टेकून बसणे व्हिडिओ पाहून येत नाही. टांगा हाकताना शंभर वेळा पाहिला म्हणून लगाम धरता येत नाही. म्हणून आमचे मत असे : हे शिक्षण एकेकट्याच्या मोबाईलमध्ये राहू नये, ते विहारात यावे.

येत्या वर्षावासात करून पाहू. आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत ग्रंथवाचन होते. हेच महिने पेरणीचे, निंदणीचे, कपाशीवर फवारणीचे आणि सापांचे. वाचन संपल्यावर आठवड्यातून एकदा अर्धा तास ठेवू. वस्तीतल्या नर्सिंगच्या मुलीने मोठ्या पडद्यावर नाहीतर मोबाईलवर एक खात्रीचा धडा दाखवावा आणि मग सर्वांनी हाताने करावे. छाती दाबायचा सराव करायला महागडा पुतळा लागत नाही. घट्ट भरलेली गादीची उशी चालते.

भारतीय डॉक्टरांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबून जीव वाचवण्याची सोपी पद्धत ठरवून दिली आहे. माणूस हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन करायचा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून दाबायला लागायचे. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत न थांबता. एक थकला की दुसऱ्याने घ्यायचे. पाच मिनिटे सलग दाबून पाहा, म्हणजे सराव का लागतो ते कळेल. बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलांना याच्या जोडीला तोंडाने श्वासही द्यावा लागतो. तो प्रत्यक्ष शिकवणाऱ्याकडूनच शिकावा.

दुसऱ्या आठवड्यात सर्पदंश घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. दंश झालेल्याला धीर द्या, चालवू नका, बांगड्या-अंगठ्या-जोडवी काढा, हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश दुखत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अशी लक्षणे दिसली तर 'काही बाधलं असेल' म्हणत सकाळची वाट पाहू नका.

तिसऱ्या आठवड्यात फवारणीचे विष. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे मजूर मेले, ते आपल्यासारखेच रोजंदारीवर जाणारे होते. औषध अंगावर सांडले किंवा चक्कर येऊन मळमळले, तर कपडे लगेच उतरवा, साबणाने अंग धुवा, विष पोटात गेले असले तरी उलटी काढू नका आणि औषधाचा डबा दवाखान्यात बरोबर न्या. चौथ्या आठवड्यात रस्ता. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. अपघात पाहून आपण पोलिसांच्या भीतीने बाजूने निघून जातो. मदत करणाऱ्याला त्रास देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही हे संरक्षण आले. हेही विहारात वाचून दाखवायला हवे.

बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या आठवणीत दरवर्षी तिथे यात्रा भरते. पुस्तकांच्या आणि बिल्ल्यांच्या दुकानांशेजारी छाती दाबायला शिकवणारा एक तंबू तिथे उभा राहावा, अशी आमची इच्छा आहे.

धडा मोफत, खाट कुठे आहे?

शेवटी एक सावधगिरी. 'सगळे मोबाईलवर आहे, शिका आणि निभावून न्या' असे सरकार उद्या म्हणू लागले, तर त्याला आपण मान डोलावू नये. मण्यार चावलेल्याचा श्वास बंद पडतो, पण काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवले तर तो माणूस आपल्या पायांनी चालत घरी येतो. ते यंत्र आणि ते चालवणारे हात वेळेत मिळाले तरच. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून जळगावच्या किंवा धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत यायला काही तास जातात. शेजाऱ्याने शिकलेला धडा त्या तासांत जीव टिकवून धरतो. अतिदक्षतेच्या खाटेची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून शिकता शिकता मागायचेही. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिसर्पविष आहे की नाही, हे फलकावर लिहिलेले हवे. दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी वर्षातून दोनदा वस्तीत येऊन हाताने शिकवावे. खात्रीचे धडे मराठीत, आणि जमल्यास अहिराणीत, सरकारी खर्चाने तयार व्हावेत. आज जे चांगले आहे ते बहुतेक इंग्रजीत आहे. कुलूप उघडले, पण दाराला भाषेची कडी अजून आहेच. ती काढणे हे सरकारचे काम आहे आणि ते करून घेणे आपले.

१९२९ च्या त्या संध्याकाळी आपल्या बांधवाच्या हाती लगाम आला, पण तो धरायला शिकण्याची मुभा त्याला कोणी दिली नव्हती. आज मुभा आहे, विद्या मोफत आहे, विहार आपला आहे. पुढच्या जयंतीच्या मिरवणुकीत कोणी कोसळले, तर मोबाईल खिशात घालून पुढे येणारे चार हात आपल्या प्रत्येक वस्तीत असले पाहिजेत. पहिला वर्ग येत्या आषाढी पौर्णिमेनंतरच्या रविवारी घ्या. उशी घरून आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!